हजार व्होल्ट तयार करणे सोपे, टिकवणे अवघड

शिरूरच्या बाजारपेठेत आणि दौंडच्या स्टेशन परिसरात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीची दुकाने एके काळी कशी गजबजलेली असत, हे जुन्या कारागीर बंधूंना सांगायला नको. पिक्चर ट्यूबचा जमाना गेला आणि त्याबरोबर ती गर्दीही गेली. आता बंद पडलेला टीव्ही आला तर अख्खा बोर्ड बदलतात. मिस्त्रीच्या हाताला काम राहिलेले नाही, असे आपण म्हणतो. मात्र या हातांत एक हुन्नर आहे, त्याची किंमत आपण स्वतःच केलेली नाही. तो हुन्नर म्हणजे उच्च दाबाची वीज हाताळण्याचा. रंगीत टीव्हीच्या ईएचटीतून निघणाऱ्या २५ हजार व्होल्टशी ज्याने वीस वर्षे संसार केला, त्याला हजार व्होल्टची भीती नसते आणि त्याविषयी बेफिकिरीही नसते. कामाला हेच दोन गुण लागतात.

आता प्रश्न असा की, हजार व्होल्ट आज कोणाला हवेत?

दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे, तेथे औषधे आणि रसायने बनतात. शिरूर तालुक्यात रांजणगाव आहे. जेथे औषध किंवा रसायन बनते तेथे माल तपासणारी प्रयोगशाळा असतेच, आणि अशा प्रयोगशाळांतील कित्येक यंत्रांत अगदी मंद प्रकाश मोजावा लागतो. ते काम फोटोमल्टिप्लायर ट्यूब नावाची काचेची नळी करते. ही नळी हजार व्होल्टच्या आसपास चालते. तिला वीज पुरवणारा बोर्ड जळाला की जुन्या यंत्राचा सुटा भाग मिळत नाही, कंपनी नवे यंत्र घ्या म्हणते, आणि लाखोंचे यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते. तो बोर्ड आपल्या टेबलावर बनू शकतो. तो कसा बनवावा आणि त्यात फसगत कोठे होते, ते या लेखात पाहू.

नळीचे काम

या नळीचा शोध अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात लागला. आत एक पातळ थर दिलेला पडदा असतो. त्यावर प्रकाशाचा कण पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो. समोर डायनोड नावाच्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीवर आधीपेक्षा सुमारे १०० व्होल्ट जास्त असतात. इलेक्ट्रॉन पहिल्या पायरीवर आदळतो तेव्हा अनेक नवे निघतात, ते पुढच्या पायरीवर आदळून आणखी काढतात. नऊ पायऱ्या संपेपर्यंत एकाचे लाखो, कधी कोटी होतात. प्रयोगशाळांच्या यंत्रांत सर्रास आढळणारी जपानच्या हामामात्सु कंपनीची आर ९२८ ही नळी १००० व्होल्टवर एकाचे सुमारे एक कोटी करते.

आपल्या देशात हे काम नवे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल जमिनीखाली न्यूट्रिनो टिपले, तेव्हा त्या उपकरणांत अशाच नळ्या होत्या. लडाखमध्ये हान्ले येथे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'मेस' या दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. २१ मीटर व्यासाच्या त्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात १०८८ नळ्या आहेत. १६ नळ्यांचे एक खोके, अशी ६८ खोकी. तेथे शास्त्रज्ञांपुढे जो प्रश्न होता, तोच कुरकुंभच्या एका नळीसाठी आपल्यापुढे आहे: व्होल्टेज हलता कामा नये.

न हलण्याचा हिशेब

व्होल्टेज एक टक्का वाढले तर प्रत्येक पायरीवर थोडे जास्त इलेक्ट्रॉन निघतात, आणि नऊ पायऱ्यांवर तो वाढावा एकमेकांत गुणला जातो. म्हणून व्होल्टेज १ टक्का हलले की नळीतून येणारे मोजमाप सुमारे ७ टक्के हलते. मोजमाप एक टक्क्याच्या आत हवे असेल, तर १००० व्होल्टमध्ये एका व्होल्टचीच मुभा राहते.

टीव्हीच्या धंद्यात अशी सवय नसते. उजेड वाढवला की पडद्यावरचे चित्र जरा फुगायचे. गिऱ्हाईक ते हसून सोडून द्यायचे. येथे तसे चालत नाही, हे आम्ही स्वतः ठेच खाऊन शिकलो.

आमची चूक

एका प्रयोगशाळेचे जुने फ्लुओरिमीटर आमच्याकडे दुरुस्तीला आले होते. या यंत्रात नमुन्यावर एका रंगाचा प्रकाश टाकतात. नमुना दुसऱ्या रंगात मंद चमकतो आणि ती चमक मोजून औषधाचे प्रमाण काढतात. त्याचा उच्च दाबाचा बोर्ड जळला होता. आम्ही नवा बनवला, १००० व्होल्ट लावून पाहिले, काटा ढळला नाही. पैसे घेतले, यंत्र दिले.

तीन आठवड्यांनी बोलावणे आले. सकाळी यंत्राचे माप बरोबर यायचे, दुपारी तोच नमुना सात-आठ टक्के कमी दाखवायचा. दुपारी तपासलेला चांगला माल कमी ताकदीचा म्हणून अडकून पडला होता. एका तरुण केमिस्टवर हलगर्जीचा ठपका आला होता आणि त्याच्या नोकरीवर बेतले होते.

आम्ही यंत्र उघडून दिवसभर मीटर लावून बसलो. सकाळी यंत्राच्या पेटीत १८ अंश तापमान होते, दुपारी ४० झाले. व्होल्टेज १००० वरून ९८९ वर आले. दोष ना ट्रान्सफॉर्मरचा, ना आयसीचा. व्होल्टेज मोजून आयसीला खबर देणारा २० मेगओहमचा एकच रेझिस्टर आम्ही लावला होता, तो साधा कार्बनचा होता. तो तापला की त्याची किंमत दर अंशाला दहा लाखात पाचशे भाग, या हिशेबाने उतरत होती. २२ अंशांना १.१ टक्का झाला. सातपट केली की आठ टक्क्यांच्या जवळ.

आयसी आपले काम इमानदारीने करत होती, तिला खबरच खोटी मिळत होती. आम्ही मालकांसमोर जाऊन चूक कबूल केली, बोर्ड फुकट बदलून दिला आणि त्या मुलाचा दोष नाही हे लेखी दिले. बोर्ड व्होल्टेज किती बनवतो यावर त्याची परीक्षा होत नाही. तो व्होल्टेज किती खरे मोजतो, यावर होते.

बोर्डाचे पाच भाग

आता रचना पाहू. नळीला आधाराच्या १० रेझिस्टरांची शिडी लागते. प्रत्येक १०० किलोओहमचा धरला तर एकूण १ मेगओहम होतो, म्हणजे १००० व्होल्टवर १ मिलिअँपिअर. नळीचा स्वतःचा प्रवाह याच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त होऊ देऊ नये, नाहीतर शिडीच वाकते. म्हणजे आपल्याला फक्त १ वॉटचा पुरवठा करायचा आहे.

पहिला भाग, १२ व्होल्ट. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, मोठा कंडेन्सर आणि ७८१२ आयसीला हीटसिंक. आपल्या भागात शेतीपंप एकदम सुरू झाले की घरातला दाब किती खाली बसतो ते सर्वांना ठाऊक आहे. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर मेन्स १८० पर्यंत उतरूनही ७८१२ तग धरते. येथे १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घालून पैसे वाचवू नयेत.

दुसरा भाग, दाब चढवणारा ट्रान्सफॉर्मर. एसजी ३५२५ आयसी दोन मॉस्फेटना आळीपाळीने चालू-बंद करते. आतला दोलक ८० किलोहर्ट्झला ठेवला की ट्रान्सफॉर्मरला ४० मिळतात. ईई २५ मापाचा फेराईट घ्यावा. प्राथमिक गुंडाळी १२ अधिक १२ वेढे, मधल्या टोकाला पुरवठा. दुय्यम ३७२ वेढे, चार थरांत, प्रत्येक थरावर पॉलिएस्टर टेप. मधल्या टोकाला ९ व्होल्ट दिले की दुय्यमवर सुमारे २७९ व्होल्ट मिळतात.

तिसरा भाग, डायोड-कंडेन्सरची शिडी. दोन टप्प्यांची शिडी २७९ चे चौपट करते. कंडेन्सर १० नॅनोफॅरड, १००० व्होल्टचे, फिल्मचे घ्यावेत, कारण स्वस्त सिरॅमिक कंडेन्सर दाबाखाली आपली क्षमता गमावतात. डायोड यूएफ ४००७ घ्यावेत. आपल्या डब्यात शेकड्याने पडलेला १एन ४००७ दिसायला तसाच असतो, पण तो ५० हर्ट्झच्या कामाचा आहे. ४० किलोहर्ट्झला तो वेळेवर बंद होत नाही आणि तापतो. पूर्ण प्रवाहावर शिडीत सुमारे २० व्होल्ट पडतात, ते गृहीत धरले आहेत. शिडीनंतर १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरड असे दोन गाळणीचे टप्पे लावले की आठ व्होल्टची थरथर काही मिलिव्होल्टवर येते. गाळणीचे कंडेन्सर २००० व्होल्टचे असावेत. डायोडांची दिशा अशी ठेवावी की बाहेर उणे १००० व्होल्ट मिळतील, म्हणजे नळीचे सिग्नलचे टोक जमिनीच्या पातळीला राहते.

चौथा भाग, मोजणारी साखळी. याच्यासाठीच हा लेख लिहिला आहे. १ मेगओहम, १ टक्का, मेटल फिल्मचे ३० रेझिस्टर एकाच पट्टीतले घ्यावेत. त्यांपैकी २० एकापुढे एक जोडले की २० मेगओहम होतात. १००० व्होल्टला त्यातून ५० मायक्रोअँपिअर वाहतात आणि प्रत्येकावर फक्त ५० व्होल्ट येतात. पाव वॉटचा रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतचाच असतो, म्हणून एकट्यावर हजार व्होल्ट लादणे हा त्याच्यावर जुलूम आहे. उरलेले १० समांतर जोडले की १०० किलोओहम होतात. ते संदर्भ व्होल्टेजच्या बाजूला लावावेत. तीसही रेझिस्टर एकाच जातीचे, एकाच पट्टीतले असल्याने ते बहुतेक सारखेच तापतात आणि सारखेच बदलतात. गुणोत्तर जवळजवळ जागच्या जागी राहते. महागडा रेझिस्टर न आणता काम साधते. ही तीसची टोळी मात्र एकमेकांजवळ, आणि हीटसिंकपासून दूर बसवावी.

पाचवा भाग, तराजू. एका पारड्यात आरईएफ ०२ या आयसीचे स्थिर ५ व्होल्ट, १०० किलोओहममधून आलेले ५० मायक्रोअँपिअर. दुसऱ्या पारड्यात उणे १००० व्होल्टचे, २० मेगओहममधून आलेले ५० मायक्रोअँपिअर. दोन्ही एका बिंदूवर भेटतात. तोल बरोबर असेल तर त्या बिंदूवर शून्य व्होल्ट असतात. उच्च दाब कमी पडला की बिंदू वर उचलला जातो. टीएलसी २७२ या ऑपअँपचा अर्धा भाग ते पाहतो आणि टिप १२२ ट्रान्झिस्टरमार्फत ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकाचा पुरवठा वाढवतो. ऑपअँपच्या उणे पायावर रेझिस्टर आणि कंडेन्सर लावून त्याचा वेग जरा संथ ठेवावा, नाहीतर तराजू डोलतच राहतो. याच आयसीचा दुसरा अर्धा भाग पोटेन्शिओमीटरच्या मधल्या टोकाला बफर म्हणून लावावा. मग पोटावर १ व्होल्ट म्हणजे बाहेर २०० व्होल्ट, ५ म्हणजे १०००, असा सरळ हिशेब राहतो. भेटीच्या बिंदूपासून जमिनीकडे दोन १एन ४१४८ उलटसुलट लावावेत. ठिणगी उडाली तर आयसी वाचते.

या मापांत एक सुरक्षाही आहे. साखळी तुटली आणि ताबा सुटला, तरी वेढ्यांच्या हिशेबाने हा बोर्ड सुमारे ११७० व्होल्टच्या पुढे जाऊ शकत नाही. आर ९२८ ची मर्यादा १२५० आहे. गिऱ्हाइकाची महाग नळी आपल्या चुकीने जळू नये, याची सोय आधीच करून ठेवावी.

प्लेट आणि पावसाळा

उच्च दाबाच्या आणि साध्या रेघांमध्ये किमान ६ मिलिमीटर अंतर ठेवावे, जागा कमी असेल तर मध्ये फाईलने खाच पाडावी. सोल्डरचे थेंब गोल ठेवावेत, टोक काढू नये. टोकातून हवेत वीज झिरपते.

सोल्डरिंगनंतर पेस्टचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसून काढावा. हे दिसण्यासाठी नाही. दमट हवेत तो थर ओलावा धरतो. त्यातून १००० व्होल्टचा केवळ ०.१ मायक्रोअँपिअर भेटीच्या बिंदूकडे चोरवाटेने आला, तरी ५० मध्ये ०.२ टक्के फरक पडतो आणि मापात दीड टक्का जातो. भेटीच्या बिंदूभोवती जमिनीला जोडलेल्या तांब्याची कडी ठेवली की ही चोरी मध्येच अडते. शेवटी प्लेट वाळवून वॉर्निश मारावे. मे महिन्यात पास झालेला बोर्ड जुलैत परत येतो, त्याचे कारण बहुतेक हेच असते.

तपासणी आणि खबरदारी

मीटर साडेचार अंकी हवा, कारण साडेतीन अंकी मीटरला हजार व्होल्टमध्ये एका व्होल्टपेक्षा बारीक दिसत नाही. मीटर फक्त बाहेरच्या टोकाला लावावा. साखळीच्या मध्यावर तो कधीही लावू नये. मीटरचे १० मेगओहम तेथे अर्धा प्रवाह पळवतात, तराजूला वाटते दाब कमी झाला, आणि बोर्ड व्होल्टेज थेट शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतो. नळी जोडलेली असेल तर तिच्यावर तो मार बसतो.

प्रत्येक बोर्डाच्या दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली, डिमरस्टॅटवर मेन्स १८०, २३० आणि २५० करून बाहेरचे व्होल्टेज लिहावे. दुसरी, बोर्ड लाकडी पेटीत ठेवून आत बल्ब लावावा आणि तापमान ४५ अंशांपर्यंत नेऊन दर पाच अंशांना व्होल्टेज लिहावे. मीटर पेटीबाहेर राहील हे पाहावे. साऱ्या आकड्यांत १ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर बोर्ड देऊ नये. या परीक्षा नळीऐवजी १ मेगओहमचा भार लावून घ्याव्यात.

जिवाची खबरदारी टीव्हीवाल्यांना माहीत आहे, तरी शागीर्दांसाठी पुन्हा सांगतो. एक हात पाठीमागे. बंद केल्यावर दोन-तीन सेकंदांत कंडेन्सर रिकामे होतात, पण साखळी तुटलेली असेल तर होत नाहीत. म्हणून लाकडी काठीला बांधलेल्या १०० किलोओहमच्या रेझिस्टरने टोक जमिनीला लावल्याशिवाय प्लेटला हात नको. तसेच व्होल्टेज चालू असताना नळीवर खोलीतला उजेड कधीही पडू देऊ नये. क्षणभर पुरे, नळी कायमची बिघडते.

पुढचा जमाना

काचेच्या नळीच्या जागी आता सिलिकॉनची चिप येत आहे. स्वित्झर्लंडच्या सीमेवरील सर्न प्रयोगशाळेत सीएमएस यंत्राच्या ज्या भागाच्या बांधणीत टाटा संस्थेचा वाटा होता, त्यात २०१३-१४ च्या कामात अशा चिप्स बसवल्या गेल्या. या चिपला जातीनुसार सुमारे ३० ते ७० व्होल्टच पुरतात. मग काम सोपे झाले, असे कोणी समजू नये. ठराविक जातींत दर अंशाला चिपची गरज ५४ मिलिव्होल्टने बदलते. २२ अंशांना सुमारे १.२ व्होल्ट होतात. चिप कामाच्या पातळीपेक्षा ३ व्होल्ट वर चालवली असेल, तर मापात ४० टक्के घट. तेथे चिपजवळ थर्मिस्टर बसवून व्होल्टेज तापमानाप्रमाणे मुद्दाम हलवावे लागते. दाब कमी झाला तरी खरे मोजण्याची गरज तेवढीच राहिली.

धंद्याच्या चार गोष्टी

सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. घेताना रेझिस्टर पट्टीनेच घ्यावेत, मोकळे वेचू नयेत. पहिला बोर्ड बनवून महिनाभर आपल्याच दुकानात चालू ठेवावा, मगच गिऱ्हाईक शोधावे. बोर्डासोबत तपासणीच्या आकड्यांचा कागद द्यावा, त्यावर आपली सही आणि तारीख असावी. यंत्राचे माप बरोबर असल्याचे प्रमाणपत्र मात्र आपण देऊ नये, ते मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रयोगशाळेचे काम आहे. कारखान्याशी व्यवहार करायचा तर उद्यम नोंदणी आणि पक्के बिल असलेले बरे, तोंडी कामाला तेथे कोणी उभे करत नाही.

आणि रेझिस्टरच्या चार रुपयांसाठी कोणाचा माल अडतो, कोणाची नोकरी पणाला लागते, हे विसरू नये. दुकानदाराचा काटा दाणाभर खोटा निघाला तर आपण त्याला काय म्हणतो? आपला बोर्डही एक काटाच आहे. तो सकाळी आणि दुपारी, उन्हाळ्यात आणि पावसात एकच सांगेल असा बनवला, तर गिऱ्हाईक शिरूरला असो की दौंडला, ते स्वतः आपला पत्ता शोधत येते.